चौथ्या मजल्याची ओली भिंत

गयाबाईंवर अन्याय झाला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, दुपारी चार वाजता, खामगावात, आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात. हे आधी ध्यानात घ्या. पुढचं खोटं वाटलं तरी चालेल... मलाही वाटलं असतं. भुताखेतांविरुद्ध पत्रकं छापून भरबाजारात वाटणारा माणूस आहे मी.

इमारत चार मजली. गावात एवढी उंच दुसरी नाही. सभासदांनी श्रमदान केलं. गयाबाई कापसाच्या जिनिंगमधली पाळी संपवून यायच्या आणि नव्या गिलाव्याला पाणी मारायच्या. डोक्यावर घागर, चार जिने. खोल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशीही ओल्या हातांनीच खाली आल्या. चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीसाठी त्यांचं नाव निघालं. सेक्रेटरींनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत डब्यात टाकली.

"बाई, तुमी बौद्ध. बाकीच्यायले चालन काय, तुमीच सांगा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. दुसरी चिठ्ठी निघाली. गयाबाई बीबी गावाला भावाकडे निघून गेल्या.

त्या खोलीत मी राहायला आलो. एकटाच. मजल्यावरच्या बाकी खोल्यांना कुलपं, कारण नळाचं पाणी तिथवर चढत नव्हतं. आणि पहिल्याच दुपारी, चार वाजता, भिंत ओली झाली. वरून खाली, हातानं पाणी मारल्यासारखी. गार. ओल्या सिमेंटचा वास. गच्ची कोरडी, टाकी रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला!

मिस्त्री आणला. त्यानं भिंत ठोकून पाहिली. "इथं पानी यायले रस्ताच नाही. तूच मारून राह्यला काय बे?"

घाबरलो म्हणालो तर खोटं होईल. दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. पंधरा दिवसांत मी चार वाजायची वाट पाहू लागलो — कोणीतरी घरी येणार असल्यासारखी.

शेवटी एसटीनं बीबीला गेलो. गयाबाई अंगणात तूर पाखडत होत्या.

"बाई, दुपारी चारला काय करता तुम्ही?"

सूप थांबलं. "काऊन? चार वाजले का माहे हात वले होतेत. पुसले तरी होतेत. तुले कोनं सांगतलं?"

मी भिंतीचं सांगितलं. त्या हसल्या. "मंग गिलावा तडकला नसन."

मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "त्या दिवशी तू होता नं तिथं? कागदाची पिशवी घेऊन?"

होतो. दुसरी चिठ्ठी माझ्याच नावाची होती. पिशवीत समतेची पत्रकं होती, आणि मी ती चिठ्ठी मुकाट्यानं खिशात घातली.

भिंतीचा उलगडा मला आजही झालेला नाही. खोली सोडली आहे. रविवारी सभा आहे, किल्ली टेबलावर ठेवणार आहे. सेक्रेटरी विचारतील, ही कोणाची?

सभासदांनो, हे वाचताय ना? त्या दिवशी तुम्हीही तिथंच होता. या वेळी खाली बघू नका. गयाबाईंचं नाव घ्या. मोठ्यानं.