चित्रकलेच्या खोलीतली बाई

पोलादपूरच्या आमच्या शाळेत एक भूत आहे आणि ते मी केलेलं आहे. म्हणजे चित्र माझं नाही, गोष्ट माझी. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांची बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन घाट उतरलो, तेव्हा मी नववीत होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल. मी वर्गात तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. आठवड्याच्या आत माझं नाव पडलं, घाटी. वर देशावर आम्ही कोकणातल्या लोकांना काय काय म्हणायचो ते मला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन कुठे बसावं याचा विचार करत फिरायचे आणि तेवढ्यात घंटा व्हायची. कितीतरी दिवस डबा तसाच घरी नेला. आई म्हणायची, भाजी आवडली नाही का. मी म्हणायचे, नाही आवडली.

माझ्यासारखी एकटी पडलेली दुसरी होती कुडपणची. तिलाही नावाने कोणी हाक मारत नसे, गावाच्या नावानेच ओळखायचे. वर डोंगरावर त्यांची नाचणीची शेती, चार जनावरं. पुढची शाळा तिथे नाही म्हणून पोलादपूरला मामाकडे राहायची. सकाळी मामाचा गोठा आवरून शाळेत यायची, त्यामुळे अंगाला धुराचा आणि शेणाचा वास. बोलायची जवळजवळ नाहीच. सर शिकवत असताना ही भिंतीकडे टक लावून बघत बसायची आणि मुली तिच्या त्या बघण्याला भ्यायच्या. मी एकदा तिला सरळ विचारलं, भिंतीत काय बघतेस.

"पोपडे," ती म्हणाली. "त्या तिकडं म्हशीचं तोंड हाय बघ."

मी बघितलं. होतं. शिंगांसकट.

त्या दिवसापासून मी तिच्या मागे मागे राहू लागले. मैत्री म्हणायला मला तेव्हा लाज वाटायची, कारण तिच्याबरोबर दिसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तिच्याकडे एक किल्ली होती. चित्रकलेचे सर आठवड्यातून दोन दिवस महाडहून यायचे. त्यांनी तिचा हात ओळखला होता. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवण्यासाठी फॉर्म त्यांनीच भरला आणि सरावासाठी चित्रकलेच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. "ए ग्रेड आण," ते तिला म्हणाले होते, "दहावीनंतर तुला चित्रकलेच्या कोर्सला घालायचं मी बघतो. तुझ्या मामाशी मी बोलेन." ती ते वाक्य मला रोज एकदा म्हणून दाखवायची. गोठ्यातून सुटायची तिच्याकडे तेवढी एकच वाट होती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

खोली शाळेच्या अगदी टोकाला. कौलारू, एका बाजूने ओल आलेली. आत एक लोखंडी कपाट, स्थिरचित्रासाठी ठेवलेली किटली, माठ, पोचे पडलेली बादली आणि एक निळं फडकं. मधल्या सुट्टीत आम्ही दार लोटून घ्यायचो. ती किटली काढायची, मी डबा खायचे आणि तिला गोष्टी सांगायचे. परीक्षेचा फॉर्म मीही भरला होता; मला चित्र बेताचंच यायचं, पण थापा उत्तम यायच्या. माझ्या गोष्टी ऐकून ती मान खाली घालून हसायची, खांदे हलायचे फक्त. माझ्या बोलण्याला हसणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं.

मग शाळेला दोन कॅरम बोर्ड मिळाले. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, सोमवारपासून मधल्या सुट्टीत चित्रकलेची खोली कॅरमसाठी उघडी राहील.

भुताची कल्पना माझी. खोलीत भूत आहे म्हटलं की कोण येतंय कॅरम खेळायला? मी तिला म्हटलं, तू कपाटामागच्या भिंतीवर एक हडळ काढ. चांगले लांब दात, उलटे पाय. बाकीचं मी बघते.

तिने चुलीतला कोळसा आणला आणि कपाटाच्या फटीत शिरून दोन दिवस काढत बसली. मी बघितलं तर दात नाहीत, काही नाही. एक बाई खाली बसलेली, शेजारी लाकडांचा भारा, डोळे मिटलेले.

"ही कसली हडळ!" मी वैतागले.

"भुतं काय दात काढून बसतात होय? दमलेली असतात ती."

मग गोष्ट त्या चित्रावर बेतावी लागली. डोक्यावरचा भारा एकदा खाली टेकवला की एकटीला पुन्हा उचलता येत नाही, वाटेने जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारावी लागते, हे तिने मला सांगितलं. उरलेलं मी रचलं. शाळा नव्हती तेव्हा इथे डोंगरातली एक बाई भारा टेकवून बसली. भारा उचलून द्यायला कोणी आलंच नाही. बसल्या जागी गेली. अजून बसलीय. खोलीत एकटं कोणी असलं की मागून म्हणते, "जरा हात लाव गो."

शनिवारी मी ही गोष्ट दोन मुलींना सांगितली आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. सोमवारी शाळाभर झाली होती. कॅरम व्हरांड्यात गेले.

इथवर ठीक होतं. पण मी पडले घाटावरची. आमच्याकडे भूत म्हटलं की माणूस त्या वाटेला जात नाही, विषय संपला. इथे तसं नसतं हे मला ठाऊक नव्हतं. इथे प्रत्येक जागेचा कोणीतरी राखणारा असतो, त्याला वर्षाचा नारळ असतो, त्याचा मान असतो. जागेत कोणी आहे म्हटल्यावर लोक पळत नाहीत, तिला काय पाहिजे ते विचारतात. शिपाईकाका दुसऱ्याच दिवशी नारळ, हळदकुंकू घेऊन हजर. नारळ ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी कपाट सरकवलं. मागे ती बाई बसलेली. काकांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

कुडपणची माझ्याकडे बघत होती, खांदे हलत होते तिचे. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी एकत्र हसलो ते शेवटचं.

कारण मग प्रश्न निघाला, या बाईचा चेहरा कुणाला दिसला? ज्याला दिसला त्याला तिने धरलं, हे सगळ्यांना आपोआपच कळत होतं, फक्त मला कळत नव्हतं. चार दिवसांत तिच्या मामाच्या कानावर गेलं. तो शाळेत आला आणि मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

"हे चित्र कोणी काढलं?" त्यांनी मला विचारलं.

"तिने, सर."

खोटं नव्हतं. मग मामाने तिला विचारलं, "तुला कुटं दिसली गो ती?"

ती बिचारी खरं बोलली. "भिंतीतच होती. मी निस्ती रेघ दिली."

मामाचा चेहरा उतरला. शिपाईकाका दारात उभे होते, त्यांनी मान हलवली. मला तिचं बोलणं कळलं होतं. पोपडे, म्हशीचं तोंड, सगळं मला माहीत होतं. त्या ऑफिसात ते समजणारी मी एकटीच होते. मी म्हणायला हवं होतं, सर, ओलीच्या डागांत तिला चित्रं दिसतात, आणि भुताची गोष्ट माझी आहे, ती मी कॅरमवाले येऊ नयेत म्हणून रचली, हिला कोणी धरलेलं नाही. चार वाक्यं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

का, ते सांगते. त्या आठवड्यात मुली पहिल्यांदा माझ्याजवळ बसल्या होत्या. गोष्ट पुन्हा सांग म्हणून मला मध्ये घेऊन बसायच्या, कोणी घावन द्यायची, कोणी कैरीचं लोणचं. मला घाटी म्हणायचं विसरल्या होत्या. गोष्ट खोटी म्हटली असती तर मी पुन्हा डबा घेऊन फिरत बसले असते. एवढंच. इतक्या वर्षांत याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

मामा वाईट माणूस नव्हता. त्याने तिला मारलं नाही की डांबलं नाही. गावच्या देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणाला कळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पोरीला शाळेत ठेवू का, असं विचारलं. डावी पडली. म्हणजे प्रश्न मिटला, तिला वर आईबापाकडे पोचवायची. परीक्षेला तीन आठवडे होते. सर महाडहून येऊन मामाला भेटले, समजावून थकले. मामा म्हणाला, "तुमचं बरोबर हाय सर, पण देवाच्या फुडं मी काय बोलू?"

ती गेली तेव्हा मधली सुट्टी होती. मामा ऑफिसात दाखल्यासाठी थांबला होता आणि ती फाटकाशी. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर बांधलेली गोधडी, दोन्ही खाली ठेवलेलं. मी जवळ गेले. माझ्यामागे पाच-सहा मुली, अंतर ठेवून. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

"किटलीची मूठ नीट काढ," ती म्हणाली. "तू नेहमी मोठी काढतेस."

मग ती वाकली, ट्रंकेची एक कडी धरली आणि वर बघून म्हणाली, "जरा हात लाव गो."

माझ्यामागच्या मुली किंचाळून पळाल्या. मीही पळाले.

व्हरांड्यात पोचल्यावर वळून बघितलं. ती अजून कडी धरून वाकलेलीच होती. मग तिने ट्रंक फरफटत कुंपणाच्या बुटक्या गडग्यापर्यंत नेली, आधी एक टोक दगडांवर चढवलं, मग दुसरं, खाली बसून डोकं ट्रंकेखाली घातलं आणि हळूहळू उठली. असा टेकू मिळाला तर डोंगरातल्या बाया एकटीनेही उचलतात, फक्त वेळ लागतो. तेवढा वेळ मी बघत होते. ती ते गंमत म्हणून बोलली, आमच्या दोघींतली म्हणून, की खरंच ट्रंक उचलेना म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझी लायकी तीच राहते.

पुढे मला हवं होतं ते सगळं मिळालं. किल्ली, खोली, शांतता. मुलींनी आठवड्याभरात मला पुन्हा दूर केलं, कारण मीही त्याच खोलीत बसणारी. दहावी संपेपर्यंत मी तिथे एकटीने डबा खाल्ला. बाई समोर बसलेली, पुढ्यात सुकलेला नारळ. कधी कधी मी तिला गोष्टी सांगायचे, पण कोणी हसत नसलं की गोष्ट लवकर संपते. इंटरमिजिएटला मी महाडच्या केंद्रावर बसले. माझ्या शेजारचा बाक तिच्या नंबराचा होता, वर खडूने लिहिलेला. स्थिरचित्रात किटली आली. मूठ मोठी झाली. मला सी मिळाली.

तिला एक पत्र लिहिलं होतं. चार ओळींचं, तीच चार वाक्यं. टाकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. कोणी म्हणालं मुंबईला दिली, कोणी म्हणालं महाबळेश्वरकडे. वडिलांची पुन्हा बदली झाली आणि आम्ही घाट चढलो.

दहाएक वर्षांनी वडिलांच्या पेन्शनच्या कागदासाठी पोलादपूरला जावं लागलं. काम झालं आणि पाय शाळेकडे वळले. इमारतीवर नवा स्लॅब पडला होता, टोकाची खोली मात्र कौलांचीच. खोलीत अडगळ. भिंतीला चुना दिलेला, पण रंगवणाऱ्याने मधला चौकोन सोडला होता. कोळसा फिकटलेला. तरी मिटलेले डोळे दिसत होते, भारा दिसत होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की बाईचा एक हात थोडा पुढे आहे, तळवा वर करून. चौदा वर्षांच्या मुलीने तो हात किती बरोबर काढला होता. खाली ताजा नारळ होता.

दारात एक मुलगी येऊन थबकली. आठवीतली असेल. हातात डबा, बरोबर कोणी नाही. आत येऊ की नको असं तिचं चाललं होतं.

"ही कोण गं?" मी विचारलं.

तिने सगळी गोष्ट सांगितली. माझीच, शब्दन् शब्द. शेवटी एक नियम नवा होता. बाई हात लाव म्हणाली तरी लावायचा नाही, पळायचं.

"आणि लावला तर काय होतं?"

मुलीने खांदे उडवले. "काय म्हाईत. अजून कुनी लावलाच नाय."