भाऊ नानांच्या बागेत सालदार लागला

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. धुळ्याच्या घरात मी सांजोऱ्या लाटत बसले होते, आणि माहेरून भावजयीचा फोन आला. "अक्का, नाना येऊन गेले. तुमच्या भावाला सालदार म्हणून मागताहेत."

हातातलं लाटणं हातातच राहिलं. नाना म्हणजे सावद्याकडचे आमचे बांधाला बांध शेजारी. माझ्या धाकट्या भावाने एका रात्रीत ज्यांची केळीची बाग आडवी केली आणि त्यापायी तुरुंगात जाऊन आला, तेच हे नाना. आणि आता तेच त्याला या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत आपल्या शेतात राबायला बोलावत होते!

"अगं, कशाला? यात काहीतरी काळंबेरं आहे," मी म्हणाले. "हो म्हणू नकोस."

"ह्यांनी हो म्हटलंसुद्धा," भावजय म्हणाली.

सासूबाई शेंगा निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "जेल काय शाळा शे का? तठे कोन सुधरस वं?" माहेरच्या माणसाबद्दल बोलल्या म्हणून राग आला, आणि मलाही तेच वाटत होतं म्हणून जास्त आला.

भांडण रस्त्यावरून झालं होतं. आमच्या बागेतली केळी नानांच्या बांधावरून बाहेर निघायची. एका वर्षी काहीतरी बोलाचाली झाली आणि नानांनी ऐन कापणीत काटे टाकून वाट अडवली. कापलेले घड शेतातच पिवळे पडले, सडले. भाऊ तेव्हा एक शब्द बोलला नाही, तिथेच मला समजायला हवं होतं. पुढे नानांची बाग निसवली, घड नुकते बाहेर पडू लागले, आणि एका सकाळी बागेत उभं झाड म्हणून राहिलं नाही. पोलीस आले तेव्हा हा ओट्यावर चहा पीत होता. म्हणाला, "हो, मीच."

आमचे वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी मला समजावलं होतं, "ताई, शिक्षा कशासाठी असते? करणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा, बघणाऱ्याला धाक बसावा आणि ज्याचं नुकसान झालं त्याला समाधान मिळावं." ऐकायला किती गोड! धाकाचं म्हणाल तर भाऊ आत असतानाच फैजपूरच्या बाजूला आणखी एक बाग कापली गेली. समाधानाचं म्हणाल तर निकाल लागला तेव्हा नाना कोर्टाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसले होते, आणि येईल-जाईल त्याला विचारत होते, "मंग मह्या बागेचं काय?"

राहिला पश्चात्ताप. भाऊ धुळ्याच्याच तुरुंगात होता, त्यामुळे भेटायला मीच जायचे. जाळीच्या पलीकडून तो पोराबाळांची विचारपूस करायचा, हसायचा. मी एकदा तोंड उघडून विचारलं, "केलं त्याचं वाईट वाटतं का रे?" तो म्हणाला, "पाऊस कसा आहे गावाकडे?" तेव्हापासून माझ्या मनात जी पाल चुकचुकायला लागली ती काही थांबली नाही.

आखाजीला माहेरी गेले तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पोरगा सुधरला. जेवला की ताट स्वतः घासतो. पहाटे उठून पांघरुणाची घडी करतो. बोलावल्याशिवाय बोलत नाही. बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मध्येच मला सांगत होत्या, "नशीब काढलं गं तुझ्या भावाने." अहो, हा पोरगा लहानपणी ताटाला लाथ मारून उठणारा! तो ताट घासतो म्हणजे सुधरला की दबा धरून बसलाय, हे कोण सांगणार? सुंभ जळतो, पीळ जात नाही. मी त्याच्याकडे बघत राहायचे आणि तो भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा.

मग तडक नानांकडे गेले. म्हटलं, "नाना, खरं सांगा. सूड घ्यायचाय ना? त्याच्यावर उद्या काही चोरीबिरीचा आळ घ्याल आणि परत आत पाठवाल."

नानांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. म्हणाले, "पोरी, सरकारनं त्याले शिक्षा दिली, मले काय दिलं? तो सुटला तवापासून मले झोप नाही. कुत्रं भुंकलं तरी वाटतं, आला. त्यापक्षी डोळ्यासमोर राहू दे. मले दिसत तरी राहील." मग तांब्या उचलत म्हणाले, "पन विळा नाही देनार हातात."

विळा नाही! केळीच्या बागेत विळ्याशिवाय माणूस म्हणजे थोटाच. वाळलेली पानं कापायची विळ्याने, बुंध्याशी फुटलेली पिलं काढायची विळ्याने, घड उतरवायचा विळ्याने. भाऊ वर्षभर पाणी बघणार, ठिबकच्या नळ्या ओढणार, खत टाकणार आणि हमालासारखे घड वाहणार. मी चिडून घरी आले. भावाला म्हटलं, "असल्या अपमानाला हो कसा म्हणालास?" तो म्हणाला, "बरंच आहे ते." बस्स, एवढंच. बरं काय आहे त्यात? माझा जीव आणखीच टांगणीला लागला. त्याने परत बाग कापली तर त्याचा संसार संपला, आणि या वेळी कोणी दया दाखवणार नव्हतं. मी रोज संध्याकाळी भावजयीला फोन करायचे आणि पहिला प्रश्न हाच की तो घरी आला का.

भाऊबीजेला गेले तर नानांची कापणी चालली होती. ओवाळायचं होतं म्हणून मी त्याला बोलवायला बागेत गेले. बाहेर ट्रक उभा, व्यापाऱ्याचा माणूस घाई करतोय, आणि कापणीच्या टोळीतला विळा चालवणारा नेमका आलेला नाही. नाना इकडेतिकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःचा विळा काढला आणि भावाच्या पायापाशी जमिनीवर ठेवला. आमच्याकडे विळा हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा.

टोळी थबकली. मी पण. भाऊ विळ्याकडे बघत राहिला.

"उचल," नाना म्हणाले. "मले इस्वास आला आता."

"नको, नाना."

"काहाले? अजून राग शिल्लक आहे का?"

भाऊ म्हणाला, "नाना, ती रात्र मला रोज आठवते. आत असताना तेवढीच आठवण काढून दिवस घालवले. झाडं कशी पडत होती, आवाज कसा येत होता. वाईट नाही वाटत मला. अजून बरं वाटतं. म्हणून मी विळ्याला हात लावत नाही. तुम्ही पण देऊ नका."

अरे देवा! मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाची बाग कापली त्याच्या तोंडावर, त्याच्याच बागेत! एवढे महिने मी तोच एक प्रश्न घेऊन फिरत होते, आणि उत्तर आलं तेव्हा मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. नानांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

नाना वाकले. विळा त्यांनीच उचलला. भावाने गोणपाटाची घडी खांद्यावर टाकली आणि रोजच्यासारखा घडाखाली जाऊन उभा राहिला. वाहणारा घड खांद्यावर तोलून धरतो आणि कापणारा वरचा दांडा छाटतो, अगदी त्याच्या कानाजवळ. नानांचा हात वर गेला. विळा दांड्यावर पडणार की मानेवर, मला कळेना. भावाने मान खाली घातली होती आणि डोळे मिटले होते.

विळा वरच थांबला.

"मान तिकडं कर," नाना म्हणाले, "लागंल."

भावाने मान वळवली. दांडा तुटला, घड त्याच्या खांद्यावर बसला, आणि तो ट्रककडे चालायला लागला. मी तिथेच बांधावर बसून मोठमोठ्याने रडले.