भोईरमामांचा अंगठा

भोईरमामा अंगठ्याने वाचायचे. ओळीखाली अंगठा धरून तो हळूहळू पुढे सरकवायचे आणि शब्द समजला नाही की अंगठा तिथेच थांबायचा. मग चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मॅडम, इथं आडकलो." शिक्षण चौथी. आमच्या नेरूळच्या सोसायटीचे सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. सोसायटी उभी आहे तिथे एकेकाळी त्यांच्याच घरची भातशेती होती, आणि पार्किंगवरून वाद पेटला की ते ही आठवण हमखास करून देत.

त्यांची माझी खरी ओळख झाली तेव्हा माझं लिहिणं बंद पडलं होतं. जवळच्या वाचनालयात मी माझी पहिली कथा वाचली होती, माझ्या आत्यावरची. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. माझं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ही कथा नाही, सोसायटीची नोटीस आहे." चाळीसेक माणसं हसली. माझा नवराही हसला, मग माझ्याकडे बघून खोकला. घरी येऊन मी वही माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात टाकली. दीड वर्ष महाप्याच्या ऑफिसातल्या ईमेलपलीकडे एक ओळ लिहिली नाही. "हल्ली काय लिहितेस?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलायची.

आणि एका रविवारी मामा दारात उभे. "मॅडम, तुमी लिवता म्हनं. उद्या पानी बंद हाय. येक नोटीस लिवून द्या."

मला वाटलं, हा माणूस मुद्दाम जखमेवर मीठ चोळायला आलाय. पण त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तणतणत लिहिलं, 'सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, जलकुंभाच्या स्वच्छतेस्तव...' मामांचा अंगठा 'स्वच्छतेस्तव'पाशी रुतला. "इथं आडकलो. परत लिवा." असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी लिहिलं, 'उद्या टाकी धुणार. दहा ते चार पाणी नाही. आजच भरून ठेवा.' मग त्यांनी मला खाली नेलं आणि गेटवर वॉचमन आणि भाजीवाल्या मावशींसमोर ते मोठ्याने वाचायला लावलं. माझा आवाज चक्क कापत होता. तोही पाण्याच्या नोटिशीला!

"मंग उद्या मी भाजीवर पानी कुटनं मारू?" मावशी माझ्यावरच डाफरल्या.

"कलला तिला," मामा खूश होऊन म्हणाले आणि नोटीस बोर्डावर लावली.

त्यानंतर वर्षभर हा छळ चालला. लिफ्ट, कबुतरं, गणपतीची वर्गणी, प्रत्येक नोटीस परत परत लिहा आणि गेटवर वाचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, मला लिहिता येत नाही असं सरळ सांगा ना."

मामांना खरंच कोडं पडलं. "तुमाला कोन काय बोलला? मी शबदाला बोललो."

मी घरी आले आणि स्टूल घेऊन माळ्यावरची वही काढली.

आत्याची कथा पुन्हा लिहिली आणि त्याच वाचनालयात नाव दिलं. मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष तेच प्राध्यापक. तिसऱ्या पानावर मान वर करून बघते तर मामा गाढ झोपलेले, तोंड उघडं. पूर्वीची मी असते तर तिथेच वही मिटली असती. आता पान उलटलं आणि वाचत राहिले. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "मध्ये फार पसरट झाली आहे."

मी विचारलं, "सर, नेमकं कुठे?"

हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसावं. त्यांनी वही मागून घेतली, बराच वेळ पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. तिसरं पान, आत्या बाजारात जाते तिथे.

परतताना मामा ओशाळले होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आणि सर एकाच जागी अडकलात."

"बगा!" ते लगेच सावरले. "त्यांनी डोका लावून सोधला, मी झोपून."

बाजार मी निम्मा कापला. कथा एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा मामांना जाऊन सहा महिने झाले होते. अंक घेऊन मामींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही. "हीच ती, मामा झोपले होते ती," मी सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचली. मामांची फार आठवण येत होती, पण थांबले नाही.

संपल्यावर मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता आयकली असती ना, तर झोपले नसते."