आंब्याच्या वासाचा कोळसा

माझा थोरला भाऊ पुण्यातल्या एका हॉटेलात बरीच वर्षं भट्टीवर होता. येलदरीला परतला तेव्हा कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्यांचं एक पोतं घेऊन आला. त्यात आंब्याच्या लाकडाचा भुसा मिसळलेला. बाभळीचा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो. या वड्या गुपचूप जळायच्या आणि माशाला गोडसर वास लागायचा.

धरणाच्या रस्त्यावर आम्ही टपरी टाकली. मी मासे आणायचो, वहिनी मसाला लावायची, दादा भाजायचा. जुन्या लोखंडी कपाटात जाळ्या बसवून तो माशांना धुरीही द्यायचा.

एका दुपारी वादळ सुटलं, गारा पडू लागल्या. कपाटात मासे लावलेले आणि तळाशी वड्या पेटलेल्या होत्या. आम्ही दोघांनी ते ओढत मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं.

"तू ताडपत्री धर जा, मी हाय इथं," म्हणत दादानं दार आतून ओढून घेतलं.

पाऊस थांबल्यावर वहिनीनं हाक मारली, "आवो, झालं का?"

मी दार उघडलं. दादा पोत्याला टेकून बसलेला, हनुवटी छातीवर, गाल लालबुंद. खोलीत फारसा धूर नव्हता, नुसता छान वास.

"झोपलेत बघा," वहिनी हसली. तिनं खांदा हलवला, तसा तो एका अंगावर कलंडला.

जीपमध्ये घालून जिंतूरला नेला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. म्हणाले, "कोंडलेल्या खोलीत कोळसा पेटवायचा नसतो. त्याचा वायू दिसत नाही, कळतही नाही."

दुसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले आणि विचारलं, "मासे करपले का रं?" आम्ही रडता रडता हसलो. घरी आणल्यावर वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो पुन्हा भट्टीवर उभा राहिला. आम्हाला वाटलं, सुटलो.

काही आठवड्यांनी तो पाय घासत चालू लागला. मग एकदा विस्तवासमोर चिमटा धरून नुसताच उभा राहिला. मासा काळा पडत चालला होता.

"दादा, पलटव की."

"काय?"

"मासा."

तो हातातल्या चिमट्याकडं बघत राहिला.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वायूनं असं होतं कधी कधी. माणूस बरा होतो आणि नंतर मेंदू ढासळतो. सुधारेल का, ते त्यांनाही सांगता येईना.

आता टपरी वहिनी चालवते, उघड्यावर, बाभळीच्या कोळशावर. दादा घरी खाटेवर असतो. बोलत नाही फारसा. परवा ती त्याला वरणभात भरवत होती, तेव्हा त्यानं तिच्याकडं बघून अदबीनं विचारलं, "तुमी कोण?"

वहिनीचा हात थांबला. मग तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मी इथलीच हाय," ती म्हणाली. "खावा."

उरलेला भात त्यानं खाल्ला नाही.