श्रीदादाचा इनबॉक्स

श्रीदादा गेल्यापासून दुकानात जो येतो तो एक किस्सा ठेवून जातो. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, चहा घेतात आणि उठता उठता म्हणतात, "अरे बाळू, एकदा काय झालं माहीत आहे का?" मग पुन्हा बसतात. पुन्हा चहा! आई म्हणते, "डब्यातली साखर संपली, पण श्रीच्या गोष्टी संपत नाहीत." मला वाटलं, हे कुठेतरी लिहून ठेवावं. आठवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, हा वाद घरात अजून चालू आहे. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दुकान म्हणजे काशीत भोसले घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतली आमची बाहेरची खोली. आधी तिथे नुसता एसटीडी-पीसीओ होता. मग दादाने एक जुना कॉम्प्युटर आणि मोडेम आणला आणि गल्लीतल्या मराठी घरांना सांगून टाकलं, "टपाल विसरा, आता ई-मेल!" स्वतःचा पत्ता कुणाकडेच नव्हता. म्हणून दादाचा एकच पत्ता सगळ्यांनी वापरायचा. पुण्याची मावशी, इंदूरचे व्याही, गुरुजींचे यजमान, सगळ्यांची पत्रं त्याच इनबॉक्समध्ये. दादा ती कागदावर काढायचा आणि मी घरोघर पोचवायचो.

इनबॉक्स फुकटातला, त्यामुळे एवढासा. भरला की नवीन मेल आल्या पावली परत! आणि तो भरायचा कचऱ्याने. वजन घटवा, टक्कल घालवा, घरबसल्या लखपती व्हा. कोण पाठवतंय, कुठून पाठवतंय, कुणास ठाऊक.

"अरे गुरू, नवा पत्ता काढून टाक ना," सगळे म्हणायचे. दादा काढायचा नाही. कारण माधव.

माधव हा अण्णा गुरुजींचा मुलगा. अण्णा दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कार्यं करतात. माधवला पौरोहित्य नको होतं. बापलेकांचं जोरात वाजलं. अण्णा म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस," आणि पोरगा एवढा आज्ञाधारक की थेट अमेरिकेला गेला! स्टेशनवर दादाने त्याच्या खिशात आपला ई-मेलचा पत्ता कोंबला होता. त्यानंतर एक ओळ नाही.

अण्णा रोज संध्याकाळी घाटावरून परतताना आमच्या पायरीशी थांबायचे. "श्री, यजमानांचं काही?" मुलाचं नाव काढायचे नाहीत. दादा म्हणायचा, "नाही अण्णा, आज नाही." मग आत येऊन मला सांगायचा, "माधवकडे हा एकच पत्ता आहे. तो बदलायचा नाही आणि इनबॉक्स भरू द्यायचा नाही. तो फार मानी आहे. त्याची मेल एकदा परत गेली तर तो दुसऱ्यांदा लिहिणार नाही."

*

सुरुवातीला दादालाही कचरा ओळखता यायचा नाही. येईल ते तो कागदावर काढायचा. एकदा "प्रिय मित्र" अशी सुरुवात असलेली पाच-सहा पत्रं अण्णांच्या हातात पडली. कुणाला त्यांना कर्ज द्यायचं होतं, कुणाला त्यांचं पोट कमी करायचं होतं.

"उत्तरं लिही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ही जाहिरात आहे."

"मित्र म्हणतोय ना तो? तीर्थपुरोहिताकडे आलेलं पत्र बिनउत्तराचं राहत नाही. आमच्या घराण्यात तरी राहिलेलं नाही."

मग अण्णांनी पायरीवरूनच सांगितलं आणि दादाने इंग्रजीत टाइप केलं. "आपल्या औषधाची आम्हांस तूर्त गरज नाही. काशीविश्वेश्वर आपल्या व्यवसायास यश देवो."

विश्वेश्वराने खरंच दिलं! पुढच्या आठवड्यात कचरा दुप्पट झाला.

*

असं का झालं, हे दादाने शोधून काढलं. पण अण्णांना ते पटेना. "नको म्हटल्यावर माणूस थांबतो," ते म्हणाले. तेव्हा दादा त्यांना दशाश्वमेधावर घेऊन गेला आणि वरच्या पायरीवर बसवलं. स्वतः डोक्यावर टोपी घातली, काळा चष्मा लावला, गळ्यात शेजाऱ्यांचा कॅमेरा अडकवला आणि प्रवासी होऊन खाली उतरला.

पहिल्या फेरीत नाववाले ओरडले, "नाव चाहिए, बाबूजी?" दादाने मानच वळवली नाही, तसाच चालत राहिला. त्यांनी दोनदा हाक मारली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या फेरीत दादा हात जोडून म्हणाला, "नहीं भैया, नहीं चाहिए."

झालं! बोलणारा सापडला म्हटल्यावर एक मागे लागला. त्याला बघून आणखी तिघे. मालिशवाला आला, कुंकूवाला आला, साड्यांच्या दुकानाचा एक दलाल आला. अहिल्याबाई घाटापर्यंत दादाच्या मागे वरात! शेवटी त्याने टोपी काढली, तेव्हा एक नाववाला कपाळावर हात मारून म्हणाला, "धत् तेरे की, ई तो पीसीओवाले पंडितजी हैं!"

दादा घामाघूम होऊन वर आला. "कळलं, अण्णा? 'नको' म्हटलं की त्यांना एवढंच समजतं, की इथे कुणीतरी राहतं. मग ते चारजणांना सांगतात."

अण्णांनी खाली पांगणाऱ्या वरातीकडे बघितलं. म्हणाले, "म्हणजे मी आशीर्वाद देऊन अख्खी अमेरिका गल्लीत बोलावली की रे!"

*

पुढे दादाने एक दुसरा पत्ता काढला. कॉम्प्युटरवर कुठेही काही फुकट घ्यायचं असेल, फॉर्म भरायचा असेल, तर तो पत्ता द्यायचा. म्हणजे कचरा तिकडे जाईल आणि गल्लीचा इनबॉक्स मोकळा राहील. त्या पत्त्याला तो उकिरडा म्हणायचा. सगळ्या गल्लीला ते इतकं सवयीचं झालं, की कुणी पत्ता मागितला की लोक विचारायचे, "खरा देऊ की उकिरडा?"

त्याच सुमारास इंदूरहून दादाला स्थळ आलं. मुलीचे वडील नव्या जमान्याचे. फोनवर म्हणाले, "फोटो ई-मेलने पाठवतो." दादाला लग्न नको होतं. त्याने शांतपणे उकिरड्याचा पत्ता सांगितला!

महिन्याभराने इंदूरहून फोन. आईने उचलला. "आमची मुलगी पसंत नाही का?" आईला घाम फुटला. तिने दादाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. एक एक रेघ करत फोटो पडद्यावर उतरला. मुलगी चांगली देखणी होती!

आई म्हणाली, "उकिरड्याचेसुद्धा पांग फिटतात म्हणतात. तुझे काही फिटायचे नाहीत!"

परवा मावशीने हा किस्सा सांगितला तेव्हा आई हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

एक माझा. दादा जेवायला घरात गेला होता आणि मी दुकानावर होतो. मेल उघडली तर काय, अमेरिकेतलं कुठलंसं विद्यापीठ! परीक्षा नाही, अभ्यास नाही, शाळेत जायचं नाही, घरपोच डिग्री! मला वाटलं, जगात कुणीतरी माझा विचार करून बसलंय. मी लगेच नाव भरायला घेतलं. "कोणती पदवी हवी?" असं विचारलं होतं. मी सगळ्यात वरची निवडली. डॉक्टर.

तेवढ्यात दादा आला. त्याने पडद्याकडे बघितलं आणि भिंतीतून फोनची वायरच उपटली!

"दादा, अरे डिग्री चालली होती माझी!"

"नाव, पत्ता, फोन, सगळं देऊन बसला असतास. उद्यापासून हजार डिग्र्या आल्या असत्या आणि इनबॉक्स भरला असता. आधी आठवी तर हो, मग अमेरिकेचा डॉक्टर हो!"

हे आईने ऐकलं आणि मग माझी सुटका नव्हती. आतून हाक यायची, "अहो डॉक्टर, दूध उतू चाललंय!"

*

नंतर दादाने मेलला नियम लावले. "फुकट", "जिंकलात", "अभिनंदन" असे इंग्रजी शब्द ज्या मेलमध्ये असतील, त्या आपोआप वेगळ्या कप्प्यात पडायच्या. एका झटक्यात निम्मा कचरा बाजूला! मी म्हटलं, "आता तो कप्पा न बघताच रिकामा करत जाऊ." दादा म्हणाला, "नाही. टाकायच्या आधी रोज हात घालून बघायचं." मला वाटलं, हा निव्वळ चिकटपणा.

गल्लीच्या तोंडाशी बँकेतले जोशीसाहेब राहतात. त्यांची मुलगी हैदराबादला बाळंत व्हायची होती. इथे जोशीसाहेबांनी दुकानाचा उंबरठा झिजवला. "काही आलं?" "नाही साहेब." फोन लागत नव्हता, साहेबांना जेवण जात नव्हतं.

दादाने कप्प्यात हात घातला. लखपती व्हा, गाडी जिंका, काँग्रॅच्युलेशन्स, काँग्रॅच्युलेशन्स, काँग्रॅच्युलेशन्स. त्यातलं एक काँग्रॅच्युलेशन्स जावयाचं होतं! "अभिनंदन! तुम्ही आजोबा झालात!"

दादा अनवाणीच पळाला. जोशीसाहेब आंघोळीला बसले होते. त्याने बाहेरून ओरडून सगळं सांगितलं, मेल कचऱ्यात सापडली हेही. आतून आवाज आला, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी!"

"आणि कचऱ्यात टाकली होतीस, मेल्या?"

*

सुशीलाकाकू आमच्या समोर राहतात. त्यांच्या भाचीने एक मेल पाठवली. ही मेल दहाजणांना पाठवा, भाग्य उजळेल. नाही पाठवली तर घरात अनर्थ होईल. काकू घाबरल्या. पूर्वी अशी पोस्टकार्डं यायची, ती त्यांनी रात्ररात्र जागून लिहिली होती.

"श्री, पाठव बाबा दहाजणांना."

"काकू, ते दहाजण शंभरांना पाठवतील. त्यातले निम्मे उलटून आपल्याकडेच येतील. इनबॉक्स भरेल."

"आणि शाप?"

दादाने उजवा हात पुढे केला. काकूंच्या देवघरातलं गंगाजल मागवलं आणि तळव्यावर घेतलं. "शाप माझ्या नावावर. पाणी सोडलं, बघा." मग मेल पुसून टाकली. काकू निश्चिंत झाल्या.

दादा आषाढात धडधाकट होता. श्रावणात कावीळ झाली. भाद्रपदात तो नव्हता.

काकू आल्या त्या उंबऱ्यातच बसल्या. "माझा शाप घेतला रे त्याने. मी मारलं त्याला." मला काय झालं कळलं नाही, मी जोरात ओरडलो, "काकू, असे शाप दादा रोज पुसायचा! एका शापाने मरायचा असता तर आठवडाभरसुद्धा टिकला नसता!"

काकू रडता रडता हसल्या. "खरंच रे," म्हणाल्या, "भारी निर्ढावलेला होता!"

*

तेरावं झालं आणि मी दुकान उघडलं. अण्णा आले. पायरीशी न थांबता आत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. आजवर ते कधी आत आले नव्हते.

इनबॉक्स काठोकाठ भरला होता. दादा हॉस्पिटलात गेल्यापासून कुणी हातच लावला नव्हता. पहिलीच मेल होती, "प्रिय श्रीधर, दहा दिवसांत वजन घटवा." शेवटी शेवटी मी दादाला एका हाताने उचलून कुशीवर वळवत होतो. माझं डोकंच फिरलं.

"सगळं पुसतो," मी म्हणालो. "एक ठेवत नाही. मरू दे सगळं."

अण्णांनी माझं मनगट धरलं. "एकेक बघ. श्री बघायचा."

"तुम्हाला काय माहीत, अण्णा, किती आहेत!"

"असू देत. मला कुठे जायचंय?"

मी एकेक उघडत गेलो. मला इंग्रजी अक्षरं जुळवून वाचावी लागतात, वेळ लागतो. अण्णा शेजारी बसून होते. कर्ज, टक्कल, लॉटरी, पुन्हा टक्कल. मग एक मेल आली, तिला विषयच नव्हता. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्यातरी अमेरिकन कंपनीचं नाव. कचराच. पण उघडली तर आत इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. मी मोठ्याने अक्षरं जुळवू लागलो.

"श्री, मी माधव. हा ऑफिसचा पत्ता आहे. बाबा कसे आहेत? घाट चढताना त्यांचा गुडघा अजून दुखतो का? तेवढं कळव. मी..."

पुढची ओळ मी जुळवत गेलो आणि अर्थ कळेपर्यंत ती तोंडातून बाहेर पडली होती.

"मी विचारलं, हे त्यांना सांगू नकोस."

बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णा पडद्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही, तरी बघत होते. मग त्यांनी उपरणं सारखं केलं.

"उत्तर लिही," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"लिही, गुडघा बरा आहे. तू विचारलंस, हे त्यांना सांगितलेलं नाही."

मी एका बोटाने लिहिलं. "खाली नाव कुणाचं घालू, अण्णा?"

"त्याने कुणाला विचारलंय?"

"दादाला."

"मग दादाचंच घाल."