जबाबात न घेतलेलं वाक्य

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. नोकरीत खून हाताळले, दरोडे हाताळले, त्यातल्या आरोपींची तोंडंही आता पुसट झाली. या प्रकरणात आरोपी नव्हता, दोषारोपपत्र नव्हतं. तरी तेच आठवतं. कारण त्यात मी दोनदा होतो. एकदा प्रमुख पाहुणा म्हणून आणि एकदा तपासी अधिकारी म्हणून.

तेव्हा मी आटपाडीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या भागात उन्हाळ्यात ठाण्याच्या साहेबाला दोन कामं असतात. टँकरवरची भांडणं मिटवणं आणि गुणवंतांचे सत्कार करणं. दुसऱ्या कामात मी फारच तरबेज होतो. आमची सौ. म्हणायची, "तुमच्या अंगावर वर्दीपेक्षा शालीच जास्त बघितल्या मी." स्वतः बारावीला गणितात काठावर सुटलेला माणूस मी, पण माइक हातात आला की जिद्द आणि चिकाटीवर अर्धा तास सहज काढायचो.

असाच एका गावात सत्कार होता. ज्या घराचा सत्कार, त्या घराची मागची पिढी मेंढरं घेऊन फिरलेली. आता डाळिंबाची बाग होती. घरच्या कर्त्याला सगळं गाव आण्णा म्हणायचं. त्यांची थोरली मुलगी दोन वर्षं साताऱ्यात एका अकॅडमीच्या होस्टेलवर राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यात पोरीच्या अंगावर पांढरा अ‍ॅप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, दोन्ही संगणकावर चढवलेले, आणि नावाआधी 'डॉ.' लावलेलं. हलगी वाजत होती. मी तिला शाल घातली आणि माइकवर म्हणालो, "आज मी एका डॉक्टरचा सत्कार करतोय. पुढं मला ताप आला की इथंच येणार!" टाळ्या पडल्या. पोरगी मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, लाजतेय.

पोरगी मुंबईच्या मेडिकल कॉलेजात गेली, असं गावाला माहीत होतं. दिवाळी झाली. एका सकाळी मी हजेरी घेत असताना त्याच गावच्या एका तरुणाचा मोबाइलवर फोन आला. तो कामानिमित्त मुंबईला गेला होता, तर गाववाली म्हणून तिला भेटायला कॉलेजात गेला.

"सायेब, तिथं त्या नावाची पोरगीच न्हाई. रजिस्टर बघितलं त्यांनी. मी गावच्या ग्रुपवर टाकलंय."

"अरे शहाण्या, आधी तिच्या बापाला सांगायचं का ग्रुपवर टाकायचं?"

"आण्णाबी हायतच की ग्रुपवर."

होतेच. आणि पोरगीही होती. तिनं तो मेसेज वाचला आणि तिचा फोन बंद झाला.

तासाभरात आण्णा, त्यांची बायको आणि निम्मं गाव ठाण्यात हजर. ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली. आण्णा टेबलावर हात आपटत होते. "कॉलेजवाल्यांनी लपवलंय सायेब! रॅगिंग झालंय माझ्या लेकीचं. त्यास्नी आधी आत टाका."

"आण्णा, तुम्ही अ‍ॅडमिशनला सोबत गेला होतात?"

"न्हाई. बागेची छाटणी हुती. ती म्हणली, मी जाते."

"कागद बघितला?"

"लेकीचा कागद कोण बघतंय?"

बापाचा आवाज जितका मोठा, तितकी आत भीती मोठी, हे मी अनेकदा पाहिलंय. माझ्याही डोक्यात एव्हाना विहिरी आणि रेल्वेचे रूळ फिरायला लागले होते. आम्ही पोलीस अशा वेळी तोंडानं 'सापडेल' म्हणतो आणि मनात दुसरंच मोजत असतो.

आण्णांकडून काही मिळेना, तेव्हा महिला शिपाई आईला बाजूला घेऊन गेली, चहा दिला. आईनं पदराखालून मोबाइल काढला. पोरगी दर रविवारी आईला अ‍ॅप्रनमधला फोटो पाठवायची. वीसेक फोटो होते. आमचा रायटर हवालदार चष्मा कपाळावर सरकवून ते बघत बसला आणि म्हणाला, "साहेब, सगळीकडं भिंत एकच हाय. आणि हे कोपऱ्यात वाचा."

अर्धी पाटी दिसत होती: 'खुर्ची ओढताना आवाज करू नये.'

"कॉलेजात असली पाटी लावत न्हाईत. ही अभ्यासिका हाय. माझं पोरगं चार वर्षं असल्याच पाटीखाली बसलंय."

फोन कंपनीकडून आलेल्या सीडीआरनं, म्हणजे कॉलच्या नोंदींनी, तेच सांगितलं. पोरीचा फोन मुंबईला कधी गेलाच नव्हता. शेवटचं लोकेशन सातारा.

आम्ही साताऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. तिसरी अभ्यासिका बघताना ती भिंत सापडली. चालक म्हणाला, पोरगी सकाळी झाडलोट करते, त्याबदल्यात दिवसभर बसते. परत त्याच परीक्षेचा अभ्यास. "आज सकाळीच पिशवी घेऊन गेली, साहेब. पुस्तकं इथंच ठेवलीत." पिशवी नेली आणि पुस्तकं ठेवली, याचे दोनच अर्थ निघत होते आणि त्यातला एक फार वाईट होता.

ती एसटी स्टँडवर सापडली. आमच्याकडच्या गाड्या लागतात तिथं बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. शेजारचा शेंगदाणेवाला म्हणाला, "आटपाडीच्या तीन गाड्या गेल्या. दर गाडीला उठतीय, दारापतुर जातीय, परत येऊन बसतीय."

ठाण्यात जबाब घ्यायला बसलो. महिला शिपाई शेजारी, रायटर लिहायला. पोरगी शांतपणे बोलत होती. परीक्षा झाल्यावर उत्तरसूची आली. अकॅडमीच्या सरांनी तिच्या आठवणीवरून मार्कांची बेरीज केली, "सरकारी सीट पक्की" म्हणाले आणि तिच्यासमोरच आण्णांना फोन लावला. संध्याकाळी फ्लेक्स छापायला गेला. दोन दिवसांनी सत्कार. निकाल लागायला अजून अवकाश होता. पेपर सोडवताना एक प्रश्न सोडला होता, तिथून पुढं बऱ्याच प्रश्नांचे गोल उत्तरपत्रिकेवर एक-एक ओळ वर रंगवले गेले होते. निकाल लागला तेव्हा सीट सोडाच, सांगण्यासारखेही मार्क नव्हते.

इथं मला माझीच लाज वाटली. चोरीच्या म्हशीच्या पंचनाम्याला मी दोन पंच मागायचो. सत्काराला मात्र निकालाचा कागद मागायचं मला सुचलं नव्हतं.

"अगं, मग त्याच दिवशी सांगायचं ना," मी म्हणालो.

"कुणाला सांगायचं, सर? फ्लेक्सला?"

रायटरचं पेन थांबलं. मला कुणावर तरी बोट ठेवायचं होतं, आणि अकॅडमीवाला समोर दिसत होता. मी आवाज चढवून विचारलं, "नीट आठवून सांग. चारचौघांत तुला पहिल्यांदा डॉक्टर कोण म्हणालं? मी बघतो त्याच्याकडं."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमीच, सर. त्या दिवसापतुर मी म्हणायची, काय झालंच तर आण्णांच्या पाया पडीन. पण तुमी म्हणला, आणि आण्णा रडलं. मी त्यांना कवाच रडताना बघितलं नव्हतं."

बाहेर आण्णा बसले होते. पोरीला त्यांच्या ताब्यात दिली. ते तिच्या अंगावर धावून गेले नाहीत, जवळही घेतलं नाही. मलाच म्हणाले, "सायेब, गावात काय सांगू?" आईनं तेवढा पोरीचा हात धरला आणि तिला जीपच्या आडोशाला नेऊन भाकरी सोडली.

पुढं त्याच गावात एका बंदोबस्ताला गेलो होतो. तो फ्लेक्स आण्णांच्या कडब्याच्या गंजीवर अंथरला होता, चारी कोपऱ्यांवर दगड. शेळ्या त्याच्या कडेनं कडबा ओढत होत्या. पोरीचं मामाकडं लग्न ठरल्याचं कळलं. परीक्षेला ती पुन्हा बसलीच नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी व्यासपीठावर जाणं सोडलं, असं सांगतो. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्या दिवशी तिचं बोलणं झाल्यावर रायटरनं हळूच विचारलं होतं, "साहेब, हे वाक्य घेऊ?"

मी म्हणालो, "तपासाशी संबंध नाही. पुढचं लिही."

कागदावर ते वाक्य नाही. मिसिंग 'मिळून आली' म्हणून बंद झाली, खाली सही माझी आहे.