जीप जाईल तिथं पाणवठा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, आणि आम्हा वनखात्यातल्या लोकांना नियोजनाचं प्रशिक्षण द्यायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मी तेव्हा कळंबच्या बाजूला वनपाल होतो. वन्यजीवांसाठीचं काम कसं आखायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत संपवायचं, असं सगळं फळ्यावर शिकवलं. खरं सांगतो, मला ते मनापासून आवडलं. माळावरचा हरणांचा कळप पाण्यावाचून तडफडत होता आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला म्हणत होतं, काय करायचं ते तुम्हीच आखा.

मी पाणवठा आखला. जागा धरली ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून लांब. कळपाची उठबस तिथंच असायची. आमच्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि बोट थेट डांबरी रस्त्यावर टेकवलं.

"इथं बांधा. वरचे साहेब पाहणीला येणार. त्यांची जीप ओढ्यात घालता काय?"

"साहेब, रस्त्याकडेला वस्तीतली कुत्री आहेत."

"पाहणीच झाली नाही, तर काम झालं असं म्हणणार कोण?"

पाणवठा रस्त्याकडेला, मुदतीच्या आत झाला. पाहणी झाली, हारतुरे झाले, फोटो निघाले. हौदात टँकर रिकामा होताना दुष्काळी कामावरची एक म्हातारी मला म्हणाली, "आमाला घागरभर न्हाय, अन् हरणांला हौद व्हय?" तिला घागर भरून घ्या म्हणालो.

हरणं आली. न येऊन करतात काय, दुसरं पाणीच नव्हतं. आडोशाला एक झुडूप नाही. कुत्र्यांनी गाभण हरिणी पाडली, तेव्हा मी काठी घेऊन धावलो, पण पोचेपर्यंत तिचं पोट फाडलेलं होतं. मग असं होतच राहिलं. जागा बदला म्हणून साहेबांच्या हातापाया पडलो. पूर्ण झालेलं काम बदलता येत नाही, म्हणाले. त्या माणसाचा मला अजून राग येतो. उन्हाळा सरेपर्यंत माळ ओस पडला.

पुढच्या प्रशिक्षणाला गेलो तर फळ्यावर माझाच आराखडा, रस्त्याकडेच्या पाणवठ्याचा. वेळेत पूर्ण झालेल्या कामाचा नमुना म्हणून लावलेला. शिकवणाऱ्यांनी कौतुकानं मला उभं केलं, अनुभव सांगा म्हणाले.

"तिथं आता एकही हरीण नाही," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतून आमचे साहेब हसत म्हणाले, "पण पाणी आहे ना?"

शिकवणाऱ्यांनी मान डोलावली. मग वर्गानं तो आराखडा जसाच्या तसा उतरवून घेतला.